दुधातले हार्मोन पकडायचे कसे?

गेल्या पावसाळ्यापासून दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो आहे. सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आई येते, मुलीला बाहेरच्या बाकावर बसवते आणि हलक्या आवाजात विचारते, "डॉक्टर, गाई-म्हशींना वाढीचं इंजेक्शन देतात म्हणे. ते दुधात उतरतं आणि मुली लवकर वयात येतात. हिचं दूध बंद करू का?" काही घरांत तर विचारण्याआधीच दूध बंद झालेले असते. एका मुलीचे दूध आठ महिने बंद होते. त्याऐवजी काय, तर सकाळ-संध्याकाळ काळा चहा आणि बिस्किटे. डाळ ती खात नव्हती, अंडे घरात चालत नव्हते. तिचे वजन वर्षभर जिथल्या तिथे होते आणि पायाच्या पोटऱ्या रात्री दुखत होत्या.

ओपीडीच्या गर्दीत दोन मिनिटांत या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड आहे. 'घाबरू नका' म्हटले की लोकांना वाटते डॉक्टर टाळतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. थोडे शास्त्र येईल, पण ते कठीण नाही.

पहिली गोष्ट, 'इंजेक्शन' या एका शब्दात आपण दोन निरनिराळी औषधे कोंबतो. आपल्याकडे धारेच्या आधी काही गोठ्यांत जे टोचले जाते ते ऑक्सिटोसिन. त्याने दूध तयार होत नाही. कासेत आधीच तयार असलेले दूध खाली उतरते, म्हणजे जनावर पान्हा सोडते. वासरू मेलेली म्हैस पान्हा चोरते, तेव्हा गवळी ही युक्ती करतो. हेच ऑक्सिटोसिन आम्ही प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवायला वापरतो आणि त्याने कितीतरी बायकांचे प्राण वाचतात. दुसरे औषध म्हणजे गाईचे वाढीचे संप्रेरक, ज्याला इंग्रजी नावाची अद्याक्षरे घेऊन 'बीएसटी' म्हणतात. याने मात्र दूध खरोखर जास्त तयार होते. अमेरिकेत गाजले ते हे. ऑक्सिटोसिन नऊ दुव्यांची छोटी साखळी आहे, तर वाढीचे संप्रेरक सुमारे १९१ दुव्यांचे मोठे प्रथिन आहे. दोघांची गल्लत करून वर्तमानपत्रांतही मथळे छापले जातात, त्याला इलाज नाही.

वाढीचे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत तयार होते. नावातच पीयूष आहे आणि दुधाशी तिचा संबंध खराच आहे. सोव्हिएत संशोधकांनी १९३७ मध्ये कत्तलखान्यातल्या गुरांच्या या ग्रंथींचा अर्क शेकडो गाईंना टोचला, तेव्हा दूध वाढलेले दिसले. दुसऱ्या महायुद्धात दुधाची टंचाई आली तेव्हा ब्रिटनमध्येही हा विचार झाला. पण मेलेल्या जनावरांच्या ग्रंथी गोळा करून किती गाईंना पुरणार? विषय तिथेच थांबला. पुढे जिवाणूंच्या पोटात गाईचे जनुक घालून हे संप्रेरक हवे तेवढे बनवता येऊ लागले. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डेल बाउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे बनवलेले संप्रेरक गाईंवर वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आता मुख्य प्रश्न. गाईच्या रक्तात किंवा दुधात हे संप्रेरक आहे की नाही, आणि किती आहे, हे कळते कसे? रक्तात त्याचे प्रमाण ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजावे लागते. कुठलाही तराजू तिथे चालत नाही. तिथे कामाला येतात ती प्रतिद्रव्ये, म्हणजे अँटिबॉडी. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, तो त्यांच्यामुळेच. शरीरात परके प्रथिन शिरले की त्याच्या मापाचे कुलूप शरीर बनवते. गाईचे संप्रेरक सशाला किंवा गिनी पिगला टोचले, की त्याचे शरीर ते परके समजते आणि नेमके त्यालाच चिकटणारी प्रतिद्रव्ये बनवते. काही आठवड्यांनी त्याचे थोडे रक्त काढून त्यातले पाणी, म्हणजे सीरम, वेगळे केले की संशोधकाच्या हाती गाईचे वाढीचे संप्रेरक ओळखणारा पहारेकरी आला.

हा पहारेकरी मोजमापाला जुंपण्याची कल्पना ज्या दोघांची, त्यांची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. न्यूयॉर्कमध्ये माजी सैनिकांच्या एका इस्पितळात रोझालिन यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ बाई आणि सॉलोमन बर्सन हे डॉक्टर काम करत. यॅलोबाईंची पहिली प्रयोगशाळा झाडूवाल्याची खोली होती. त्या काळी मधुमेह्यांना गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्शुलिन मिळे. (आपल्याकडेही ते बरीच वर्षे होते. मी शिकत होतो तेव्हा चाळीस युनिटच्या बाटलीवर ते लिहिलेले असे.) या दोघांना दिसले, की आधी इन्शुलिन घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात टोचलेले इन्शुलिन लवकर नाहीसे होत नाही, उलट रेंगाळते. म्हणजे रक्तात कोणीतरी ते धरून ठेवते आहे. ते प्रतिद्रव्यच असणार, असे त्यांनी लिहिले. पण एवढ्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्य बनतच नाही, असे मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. लेख परत आला. यॅलोबाईंनी ते नकाराचे पत्र जपून ठेवले आणि १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा आपल्या व्याख्यानात जगाला दाखवले. बर्सन त्याआधीच, १९७२ मध्ये, वारले होते. मेल्यावर नोबेल देत नाहीत. या पद्धतीचे पेटंट दोघांनीही घेतले नाही, हे मला विशेष वाटते.

त्यांची पद्धत समजायला एसटीचे उदाहरण देतो. समजा गाडीत पन्नासच जागा आहेत. या जागा म्हणजे प्रतिद्रव्ये. लाल टोपी घातलेले पन्नास प्रवासी आपण मुद्दाम सोडले. ही किरणोत्सर्गी खूण लावलेली संप्रेरके. आता स्टँडवर बिनटोपीचे प्रवासीही आले. ते म्हणजे गाईच्या रक्तातले संप्रेरक. जागेसाठी चढाओढ होणार. बिनटोपीवाले जितके जास्त, तितक्या लाल टोप्या बसलेल्या कमी दिसणार. गाडी सुटल्यावर फक्त लाल टोप्या मोजायच्या, की स्टँडवर बिनटोपीचे किती होते याचा हिशेब लागतो. १९५९-६० मध्ये ही पद्धत इन्शुलिनसाठी पुरी झाली, आणि १९६३ मध्ये याच गटाने माणसाचे वाढीचे संप्रेरक मोजायला ती वापरली. गुरांच्या संशोधनातही तीच आली. पुढे १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एंग्वाल आणि पेर्लमान यांनी किरणोत्सर्गी खुणेऐवजी रंग आणणारे विकर लावले. ती एलायझा पद्धत. तुमची थायरॉइडची टीएसएच तपासणी प्रतिद्रव्यांवरच चालते. मेडिकलमधून आणलेल्या गर्भ तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती प्रतिद्रव्यांमुळेच. तेव्हा हे काही परग्रहावरचे शास्त्र नाही, आपल्या बाजारपेठेत दररोज चाललेले आहे.

गाईच्या बाबतीत मात्र काही अडचणी निघाल्या. पहारेकरी निवडताना पारखून घ्यावा लागतो, कारण पीयूषिका ग्रंथीतून येणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक याच घराण्यातले आहे आणि ढिसाळ प्रतिद्रव्य त्यालाही चिकटते. मेंढी, शेळी आणि गाय यांची वाढीची संप्रेरके जवळजवळ सारखी, म्हणून एकाचे प्रतिद्रव्य दुसऱ्यालाही बरेचसे चालते. माणसाच्या संप्रेरकाला मात्र तसे चालत नाही. हा फरक पुढे आपल्या कामाचा आहे, लक्षात ठेवा. दुसरी अडचण अशी, की हे संप्रेरक रक्तात सारखे वाहत नाही, लाटांनी येते. आत्ता काढलेल्या थेंबात भरपूर, अर्ध्या तासाने जवळजवळ नाही. म्हणून संशोधक गाईच्या मानेच्या शिरेत नळी ठेवून ठरावीक मिनिटांनी तासन्‌तास रक्त काढत बसतात. एवढा खटाटोप केल्यावर कळले, की जास्त दूध देणाऱ्या जातीच्या गाईत हे संप्रेरक निसर्गतःच जास्त असते, आणि नुकत्याच व्यालेल्या गाईत, खाण्यापेक्षा दुधावर जास्त जात असताना, ते आणखी वर असते. ते गाईच्या अंगातली चरबी आणि साखर कासेकडे वळवते. थोडक्यात, भरपूर दूध देणारी गाय आपल्या अंगावरचेच मांस-चरबी दुधात घालते, आणि आपले शेतकरी 'व्यायल्यावर गाय ओढली' म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे.

अमेरिकेने नोव्हेंबर १९९३ मध्ये बीएसटीला मान्यता दिली आणि १९९४ च्या फेब्रुवारीपासून ते बाजारात आले. दर चौदा दिवसांनी एक इंजेक्शन, औषध तिळाच्या तेलात घोळलेले, म्हणजे हळूहळू अंगात उतरावे. दूध दहा-पंधरा टक्के वाढे. त्यावर मोठे वादळ उठले. कॅनडाने जानेवारी १९९९ मध्ये ते नाकारले, युरोपीय संघानेही त्याच वर्षी कायमची बंदी ठरवली. अमेरिकेत कायदेशीर असूनही पुढे मोठमोठ्या दूधविक्रेत्यांनी ग्राहकांच्या दबावामुळे असे दूध घेणे सोडून दिले.

कॅनडाने का नाकारले, हे मात्र नीट वाचायला हवे. लोक समजतात, दूध पिणाऱ्या माणसाला अपाय होतो म्हणून. तसे नव्हते. त्यांच्या पशुवैद्यांच्या समितीने अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा दिसले की इंजेक्शन दिलेल्या गाईंत कासदाहाचा, म्हणजे आपल्याकडच्या दगडीचा, धोका सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो, गाभण न राहण्याचा सुमारे ४० टक्क्यांनी, आणि लंगडण्याचा तर जवळपास ५० टक्क्यांनी. म्हणजे गाईला त्रास होतो म्हणून त्यांनी ते नाकारले. माझे मत विचाराल तर एवढे कारण पुरेसे आहे. ज्या देशात दूध जास्त झाले म्हणून सरकारला ते विकत घ्यावे लागत होते, तिथे गाईला लंगडी करून आणखी दूध काढण्याची गरज कोणाला होती, हे मला अजून कळलेले नाही.

आता दूध पिणाऱ्याविषयी. पहिला मुद्दा, हे प्रथिन आहे. आपण डाळ खातो, मासे खातो, त्यातली प्रथिने जठरातल्या आम्लाने आणि आतड्यातल्या पाचकरसांनी तुकडे तुकडे होतात. इन्शुलिन गोळी म्हणून का मिळत नाही, टोचूनच का घ्यावे लागते, हा प्रश्न मधुमेही रोज विचारतात. उत्तर तेच. तोंडाने घेतले की पचून जाते. दुसरा मुद्दा अधिक भक्कम. गाईचे वाढीचे संप्रेरक समजा थेट टोचले, तरी ते माणसात काम करत नाही. हे अंदाजाने सांगत नाही. १९५० च्या दशकात बुटक्या मुलांना गुरांच्या ग्रंथीतले संप्रेरक टोचून पाहिले, उंची वाढली नाही. माणसाच्याच ग्रंथीतून काढलेले दिले तेव्हा वाढली. १९५८ मध्ये मॉरिस रेबन यांनी ते दाखवले. (त्यातूनही पुढे भलतेच संकट आले. मृतांच्या ग्रंथींतून काही मुलांना मेंदूचा असाध्य रोग झाला, १९८५ मध्ये ते औषध बंद करावे लागले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेले आले.) आपल्या पेशींवरची कडी गाईच्या किल्लीने उघडत नाही. प्रतिद्रव्यालाही दोन्ही संप्रेरके वेगळी दिसतात, हे वर सांगितलेच.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. वाढीच्या संप्रेरकामुळे गाईच्या अंगात 'आयजीएफ-१' नावाचे दुसरे द्रव्य वाढते, आणि ते गाईचे व माणसाचे अगदी एकसारखे असते. इंजेक्शन दिलेल्या गाईच्या दुधात ते काहीसे वाढू शकते. पण आपले स्वतःचे यकृत रोज जेवढे बनवते त्यापुढे दुधातले फारच थोडे, आणि तेही पुष्कळसे पचून जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये हे सर्व तपासून दुधातल्या अंशांचा ग्राहकाला धोका नाही असे म्हटले आणि २०१३ मध्ये तेच कायम ठेवले.

ऑक्सिटोसिनचे काय? ते रक्तात काही मिनिटेच टिकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी टोचलेल्या आणि न टोचलेल्या म्हशींचे दूध तपासले, तेव्हा दुधातले प्रमाण इंजेक्शनने वाढलेले आढळले नाही, आणि पाचकरसांपुढे ते टिकतही नाही असे दिसले. तरीही रोज टोचणे हा गुन्हाच आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपायकारक इंजेक्शन देण्याला दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, सांगितले आहे. सवय लागलेले जनावर पुढे इंजेक्शनाशिवाय पान्हाच सोडत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही पशुवैद्यांना विचारा. २०१८ मध्ये सरकारने या गैरवापरासाठी खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायलाच मनाई केली होती. त्याने प्रसूतिगृहांत तुटवडा पडण्याची भीती निर्माण झाली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात ती मनाई रद्द केली. गोठ्यातल्या चोरासाठी बाळंतिणीला शिक्षा, असे ते झाले असते.

मग मुली लवकर वयात का येतात? मागच्या पिढ्यांपेक्षा वय खाली आले आहे हे खरे, आणि त्यात चांगले खाणेपिणे आणि मुख्यतः वाढलेले वजन यांचा वाटा मोठा आहे. दुधातले वाढीचे संप्रेरक हे वयात आणणारे संप्रेरकच नव्हे. मात्र आठ वर्षांच्या आत मुलीची छाती वाढू लागली, किंवा नऊ वर्षांच्या आत मुलाच्या शरीरात वयात येण्याच्या खुणा दिसल्या, तर ती तपासणीची बाब आहे. कधी त्यामागे थायरॉइड, अंडाशय किंवा मेंदूतला दोष निघतो आणि त्यावर उपचार असतात. दूध बंद करून वर्षभर वाट पाहिली, की तो काळ हातचा जातो. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

एक गमतीची गोष्ट राहिली. टोचलेले संप्रेरक आणि गाईचे स्वतःचे संप्रेरक यांत टोकाच्या एखाद्याच दुव्याचा फरक, म्हणून साधे प्रतिद्रव्य दोघांनाही सारखेच चिकटते. मग चोरी कशी पकडायची? नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला. वारंवार टोचल्यावर काही गाईंचे शरीर त्या औषधाविरुद्ध स्वतःच प्रतिद्रव्ये बनवते आणि ती दुधात उतरतात. त्यांनी दुधात तीच शोधली. २०१५ च्या सुमारास तर मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने ती वाचण्याचा प्रयोगही त्यांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर केला. सगळ्याच गाई ती बनवत नाहीत, त्यामुळे एका गाईचे दूध स्वच्छ निघाले म्हणजे गोठा सुटला असे होत नाही. पण संशय घेऊन पुढचा तपास करायला एवढे पुरते.

दुधातली प्रतिद्रव्ये शोधण्याची ही रीत आपल्या पशुवैद्यांना नवी नाही. ब्रुसेलोसिस या गुरांच्या गर्भपाताच्या रोगासाठी दुधात निळे रंगवलेले मेलेले जंतू घालतात. दुधात प्रतिद्रव्ये असली की वर सायीत निळे कडे उमटते. हा रोग माणसालाही होतो, आणि ज्या दुधाची भीती बाळगावी ते हे. कच्चे, निरसे दूध पिणारा माणूस महिनोन्‌महिने उलटसुलट तापाने, घामाने आणि कंबरदुखीने हैराण होतो आणि टायफॉइडच्या गोळ्या खात राहतो. माझ्याकडे असे रुग्ण येतात. त्यातल्या बहुतेकांनी गाभ टाकलेल्या जनावराचा वार हाताने काढलेला असतो किंवा धारोष्ण दूध प्यालेले असते. दुसरी भीती प्रतिजैविकांची. दगडी झालेल्या सडात औषध सोडल्यावर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालायचे नसते. ते घातले जाते, हे सर्वांना माहीत आहे. दूध उकळल्याने जंतू मरतात, पण औषधाचे अंश सगळे जात नाहीत.

गोठा असणाऱ्या वाचकांना याच विषयातली आणखी एक गोष्ट. माणसाचे बाळ आईच्या पोटात असतानाच वारेतून प्रतिद्रव्ये घेऊन येते. वासराला ती सोय नाही, ते रिकाम्या हाताने जन्मते. त्याची सगळी प्रतिद्रव्ये चिकात असतात, आणि ती अख्खीच्या अख्खी रक्तात घेण्याची ताकद वासराच्या आतड्यात पहिल्या चोवीस तासांपुरतीच असते, त्यातही पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त. त्यानंतर ते दार बंद होते आणि प्रथिने पचूनच आत जातात. तेव्हा गाय व्याली की वार पडायची वाट न पाहता वासराला चीक पोटभर पाजा. खरवसासाठी शेजारीपाजारी वाटी धरून उभे असतील, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या चिकातला द्या.